एक बोट ढील

“बाई, या इंजिनाच्या मधल्या चाकांना काठच नाही!”

चंद्रभागा ओरडली तेव्हा आम्ही आमझरीच्या इंजिन शेडबाहेर तारेच्या कुंपणाला लागून रांगेत उभे होतो. तिसरी-चौथीची एकोणतीस मुलं आणि त्यांची बाई, म्हणजे मी. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास मी मोजणीचा घेत असे, आणि आमझरीत मोजण्याजोगं इंजिनांखेरीज दुसरं होतं काय? त्या दिवशी नवी बाराचाकी पहिल्यांदाच शेडबाहेर काढली होती. मालगाडीच्या बाकीच्या इंजिनांना मोठी चाकं आठ. हिला बारा. एका बाजूला सहा, सगळी एका लांब लोखंडी दांड्याने जोडलेली, आणि पुढे वाट चाचपायला लहान चाकांची एक जोडी. कोळशाच्या खाणीवरून भरलेल्या साठ वाघिणी एकटीने ओढून आणायला तिला मागवली होती.

“काठ नाही म्हणजे काय? नीट बघ.”

“नीटच पाहून राहिली बाई. तिसरं अन् चौथं. त्याले काठ नाही. पाटावाणी सपाट हाय.”

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. रेल्वेच्या चाकाला आतल्या अंगाने परातीसारखी उंच कड असते. तीच चाकाला रुळावर धरून ठेवते. तिला आम्ही काठ म्हणायचो. हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आणि इथे दोन्ही बाजूंची मिळून चार चाकं काठाशिवाय, अगदी निर्धास्त, रुळावर उभी होती.

कुंपणाच्या आत तेलाची चिंधी घेऊन एक फिटर बसला होता. तो हसला. “पोरी, डोळे लय तेज हायेत तुये. ती बोडकी चाकं...” एवढं बोलून त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्याने जीभ चावली. “म्हंजे, सपाट चाकं म्हणतो मी.”

मी चोवीस वर्षांची होते. केस होते, रंगीत पातळ नेसत होते, पण कपाळ रिकामं होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि विसाव्या वर्षी विषमज्वराने नवरा नेला. सासरचे लोक न्हाव्याला बोलावण्याची भाषा करायला लागले, तेव्हा अण्णा, माझे वडील, ड्युटीवरून तसेच काळ्या कपड्यांत तिथे आले, माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला घेऊन चालते झाले. मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं, शाळेत चिकटवलं. ‘बोडकी’ हा शब्द आमच्या घरात त्यांनी कधी कुणाला उच्चारू दिला नाही. आत्याने एकदा उच्चारला, तर भरल्या ताटावरून उठले होते.

त्या संध्याकाळी मी त्यांनाच विचारलं. नव्या बाराचाकीवर त्यांचीच नेमणूक झाली होती. त्र्यंबक पाळंदे म्हणजे आमझरीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. गळ्यात जानवं आणि हातात कोळसा, म्हणून सगळे त्यांना भटजी म्हणायचे, आणि तेही हसून ओ द्यायचे.

“वेणू, परात आण. आणि तुझी फूटपट्टी.”

मी कणकेची परात धुऊन आणली. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

“परातीच्या आतल्या अंगाला पट्टी आडवी टेकव. काय झालं?”

“टोकं टेकली. मधे फट राहिली.”

“इंजिन म्हणजे ही पट्टी. ते काही वाकत नाही. वळण म्हणजे ही परात. बारा चाकं एका सरळ रेषेत बांधलेली. वळणावर पुढची-मागची रुळाला धरून जातात, मधली मात्र आतल्या बाजूला ओढली जातात. त्यांना काठ असता तर तो रुळावर अडला असता आणि इंजिन वळलंच नसतं. म्हणून मधल्या दोन जोड्यांना काठ देत नाहीत. सपाट चाकं. ती वाट दाखवत नाहीत, नुसता भार वाहतात.”

“किती सोपं करून सांगता हो अण्णा!”

“तू मुलांना यापेक्षा सोपं सांगशील,” असं म्हणून त्यांनी परात पुन्हा धुऊन जागेवर ठेवली. घरातलं एखादं भांडं घेतलं तर ते धुऊनच ठेवायचं, ही त्यांची रीत.

मला आता एक लाकडी बाराचाकी हवी होती, मुलांना हातात देता येईल अशी. ती करून दिली कवडूजींनी.

कवडूजी नन्नावरे म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम. वय पन्नाशीला आलेलं. मोठ्या माणसांसाठी मी संध्याकाळी सहाला अक्षरओळखीचा वर्ग घ्यायचे, त्यात ते सगळ्यात आधी येऊन पाटी पुसून बसायचे. पहिल्या दिवशी म्हणाले होते, “बाई, मले पुस्तक-फिस्तक नको. माह्यं नाव लिहाले शिकवा. तीस वर्सं अंगठा मारून राहिलो, अंगठा झिजला माह्या.”

मी त्यांचा हात धरून पाटीवर ‘क’ काढायला गेले तेव्हा त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट पाहिलं. फार वर्षांपूर्वी रूळ उतरवताना ते खाली सापडलं होतं. चपटं होऊन तसंच भरून आलं होतं. पोळीच्या लाटीवर कुणी हात दाबावा तसं पसरट.

“दुखतं का हो?”

“आता कायले दुखते? आमच्या टोळीत म्हणतात, मुकादमाच्या एका बोटात दोन बोटं हायेत. पगार मात्र एकाच बोटाचा भेटते.”

त्या बोटाने खडू नीट धरवत नसे, पण सुरी धरवत असे. बाभळीच्या लाकडाची चौदा चाकं त्यांनी कोरली. एका पाटावर बांबूच्या दोन पट्ट्या वळणदार ठोकून रूळ केले. आधी सगळ्या चाकांना काठ ठेवला आणि मुलांना सांगितलं, ढकला. इंजिन वळणावर जाऊन अडकलं. मग मधली चार चाकं काढून सपाट बसवली. इंजिन सुळकन निघून गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यात मोठी टाळी कवडूजींची होती.

“समजलं बाई. लांब जनावराले वळाले जागा लागते.”

मी म्हटलं, “शाबास.” तो शाबास मला पुढे फार दिवस पुरला.

बाराचाकी चालू होऊन दीड महिना झाला आणि अण्णांचा चेहरा उतरायला लागला. खाणीकडच्या फाट्यावर टेकडीला वळसा घालणारं एक वळण होतं. तिथे इंजिन घासायचं. लोखंडाची ती किंकाळी शाळेपर्यंत ऐकू यायची आणि मुलं कानात बोटं घालायची. वेग मंदावायचा, गाडीला रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर. दोनदा खुलासा मागवला गेला. त्याच सुमारास एक गोष्ट ठरायची होती. ड्रायव्हरांवरच्या इन्स्पेक्टरची जागा रिकामी होत होती आणि त्या जागेवर आजवर आमच्या शेडमधला कुणी बसला नव्हता. अण्णांचं नाव वर गेलं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

एका रविवारी सकाळी अण्णांनी कवडूजींना चहाला बोलावलं. मी स्वयंपाकघरातून कपबशा घेऊन ओसरीवर आले तेव्हा बोलणं त्या वळणावरच चाललं होतं.

“कवडू, अरे, ते वळण फार आवळून ठेवलंयस. माझं इंजिन रडतं तिथे.”

“आयकतो ना रोज. माह्यी बायको म्हणते, आली तुमची लाडाची बाय बोंबलत.”

“मग थोडी ढील दे.”

“साहेबाचा हुकूम पाहिजे ना अण्णा.”

“तुमच्या साहेबांना मी उद्याच सांगतो. कागद काय, मागाहून येईल. तुला रुळाचं कळतं, मला इंजिनाचं कळतं. आठ चाकांच्या इंजिनांना देतोस ना तू वळणावर थोडी सूट?”

ती सूट प्रत्येक मुकादम देत असे. काठवाल्या चाकांना रूळ किंचित दूर झाले तरी बाधत नाही. उलट ती मोकळी होऊन पळतात. कवडूजींची हयात त्या समजुतीवर गेली होती.

“किती द्याची?”

“एक बोट.”

कवडूजींनी ते चपटं बोट वर केलं. “हे बोट का जी?”

अण्णा खळखळून हसले. “अरे, बोट म्हणजे बोट! चहा घे, निवतोय.”

मीही हसले. कपबशा ठेवल्या आणि आत गेले.

मंगळवारी कवडूजींच्या टोळीने वळणावर रुळांखालच्या लाकडी स्लीपरांचे खिळे उपटून रूळ सरकवला. बुधवारी दुपारी मी चौथीला भागाकार शिकवत होते. किंकाळी ऐकू आली नाही. मुलं एकमेकांकडे बघून हसली. “बाई, आज रडली नाही!” आणि मग एक आवाज आला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. मोठ्या विहिरीत कुणी दगडांची गाडी उलटी करावी तसा. तो थांबेचना.

देवाची दया, माणूस कुणी दगावला नाही. अण्णांच्या कपाळाला खोक पडली, फायरमनचा खांदा निखळला. पण इंजिन आडवं झालं होतं, चौदा वाघिणी टेकडीखाली गेल्या होत्या आणि खाणीचा फाटा सहा दिवस बंद राहिला.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. त्याच दिवशी संध्याकाळी कवडूजी शाळेच्या ओसरीवर आले. पाटी आणली नव्हती.

“बाई, म्या सांगतलं साहेबाले, अण्णा बोलले म्हणून ढील देल्ली. साहेब म्हणते, डायव्हर नाही म्हणून राहिला. हुकमाचा कागद नाही. खिळ्यांची नवी भोकं मोजली त्यायनं, सव्वा इंच सरकवला म्हणतात. अर्ध्याच्या वर जाले नाही पाहिजे. म्हणते, कोणता डायव्हर सव्वा इंच मागंल?”

“तुम्ही मोजला कशाने?”

त्यांनी बोट पुढे केलं.

मी वर्गाची वही उघडली, त्यांचं बोट कागदावर ठेवलं आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. फूटपट्टी लावली. रुंदी भरली सव्वा इंच.

“अण्णांनी बोट म्हटलं, मी ऐकलंय. तुम्ही हेच बोट दाखवलंत तेही पाहिलंय. मी सांगेन.”

“तुमचे वडील हायेत ते, बाई.”

“म्हणूनच सांगेन. ते गडबडून नाही म्हणाले असतील. माझ्यासमोर म्हणणार नाहीत.”

“नोकरी गेली तर क्वार्टर जाईन. पोरीचं लगन बी तोंडावर आलं...” एवढं बोलून ते थांबले. “तुमाले तरास नको, एवढंच.”

घरी आले तेव्हा अण्णा कपाळावर पट्टी बांधून झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले.

“अण्णा, उद्या मला विचारणार आहेत.”

“हो.”

“मी रविवारचं सगळं ऐकलंय.”

त्यांनी झोपाळा थांबवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. “तुला जे आठवतं ते सांग, वेणू. मी तुला अडवणार नाही.”

माझ्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. मला वाटलं, हाच तो माझी ट्रंक डोक्यावर घेणारा माणूस.

चौकशी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये होती. कॅरमचे बोर्ड भिंतीला लावून मधे टेबल मांडलं होतं. साहेब पोक्त, हळू बोलणारे होते. मुकादम खेळण्यावरून इंजिन शिकला असं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून मला लाकडी बाराचाकी पाटासकट आणायला सांगितलं होतं. मी ती टेबलावर ठेवली आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. वही मांडीवर. कवडूजी दाराशी उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

आधी अण्णांना बोलावलं.

“पाळंदे, मुकादम म्हणतो, रूळ सरकवायला तुम्ही सांगितलंत.”

“साहेब, कवडू माणूस चांगला आहे. घाबरलाय बिचारा. पण तुम्हीच बघा.” अण्णा उठून टेबलापाशी आले. त्यांनी नखाने बांबूच्या पट्टीचा एक खिळा उपसला. पट्टी किंचित बाहेर सरकवली. किती हलक्या, किती सफाईदार हाताने! “हे मधलं, बोडकं चाक.”

मी चमकले. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकत होते. मग मनात म्हटलं, शेडमध्ये सगळे असंच म्हणतात. साहेबांना कळायला नको का?

“बोडकं चाक आपल्या जोरावर रुळावर राहत नाही, साहेब. त्याला काठ नाही. मागच्या-पुढच्या चाकांनी सांभाळलं आणि रूळ जागच्या जागी असला तर ते राहतं. बाकीच्या इंजिनांना ढील मानवते. हिला नाही. वळणावर मधली चाकं आधीच आत ओढलेली असतात. त्यात बाहेरचा रूळ लांब गेला, की...”

त्यांनी इंजिन ढकललं. वळणाच्या मध्यावर तिसरं चाक पट्टीवरून टक् करून आत पडलं. इंजिन कलंडलं.

“बत्तीस वर्षं इंजिनावर काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल का? ठाऊक असून तो ढील दे म्हणेल का?”

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

मी त्या पडलेल्या चाकाकडे बघत होते. परात, फूटपट्टी, मधली फट. किती सोपं करून सांगता हो अण्णा! धड्याचा अर्धाच भाग त्यांनी मला दिला होता. मी तो मुलांना दिला आणि कवडूजींना दिला, वर शाबास म्हटलं. उरलेला अर्धा आज इथे, माझ्याच पाटावर, साहेबांसाठी बाहेर आला होता.

“वेणूबाई.”

मी उठले. जे ऐकलं ते सगळं सांगितलं. रविवार, चहा, इंजिन रडतं, ढील दे, एक बोट. कवडूजींनी बोट वर केलं, अण्णा हसले, ‘बोट म्हणजे बोट’ म्हणाले. शब्द एकही चुकला नाही.

“हे तुम्ही स्वतः ऐकलंत?”

“हो. मी चहा देत होते.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि अण्णांकडे पाहिलं. दाराशी कवडूजींनी टोपी काढून हातात घेतली होती.

अण्णा सावकाश उभे राहिले. “साहेब, माझी मुलगी कधी खोटं बोलत नाही.”

मला भरून आलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“तिला खरंच तसं ऐकू आलं असेल,” ते पुढे म्हणाले. “चार वर्षं झाली जावयांना जाऊन. त्यानंतर सहा महिने ही जेवताना दोन पानं वाढायची. एक त्यांचं. पानाशी बसून बोलायची, पलीकडून उत्तर आल्यासारखं हसायची. आम्ही बाहेर कुणाला कळू दिलं नाही. शाळेत घातल्यापासून बरीच सावरली आहे. पण मनाला ताण पडला की कोण काय बोललं याची तिच्या डोक्यात सरमिसळ होते. कवडू रोज वर्गाला येतो. त्याने काही सांगितलं असेल, आणि तिला ते माझ्या तोंडचं वाटत असेल. तिचा दोष नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं पाणी होतं. “मी बाप आहे, साहेब. हे चारचौघांत बोलायची वेळ यायला नको होती.”

पानांच्या गोष्टीत एक अक्षर खोटं नव्हतं. दोन पानं मी वाढत होते. त्या सहा महिन्यांत घरात आम्ही दोघंच होतो. रोज संध्याकाळी अण्णा मुकाट्याने त्या दुसऱ्या पानाच्या पलीकडे बसून जेवत, आणि नंतर त्यातलं अन्न स्वतः गाईला नेऊन घालत. त्यांच्याखेरीज हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. फार हळुवार आवाजात म्हणाले, “बसा, बाई. अरे, पाणी आणा रे बाईंना.”

“साहेब, माझ्याकडे वही आहे. बोटाचं माप...”

“हो, हो. बसा तुम्ही. शांत व्हा.”

पाणी आलं. माझ्या एका हातात पेला होता, एका हातात वही, आणि सगळेजण माझ्याकडे फार दयेने बघत होते. वही उघड, असं कुणीच म्हणालं नाही.

तेवढ्यात दाराशी आवाज झाला.

“बाईले काई बोलू नका साहेब.” कवडूजी दोन पावलं पुढे आले होते. “अण्णा, तुमी पोरीचं घरचं कायले काढता चारचौघांत? साहेब, लिहून घ्या. म्याच ढील देल्ली. मले कोणी नाही सांगतलं.”

“कवडूजी!” मी ओरडले.

“बसा बाई,” तेही म्हणाले.

कारकुनाने जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि शाईची डबी त्यांच्या अंगठ्याकडे सरकवली. त्यांनी ती बाजूला केली.

“सही येते मले.”

ते टेबलावर वाकले. त्या चपट्या बोटाने पेन कसंबसं धरलं आणि लिहू लागले. क... व... डू. मी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक अक्षरानंतर थांबून. सगळी खोली थांबली होती. नन्नावरे लिहून झालं तेव्हा त्यांनी सवयीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं का ते विचारायला.

मी मान हलवली. बरोबर आलं होतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला. अण्णा हातपाय धुऊन पाटावर बसले. मी त्यांचं पान वाढलं, माझं वाढलं नाही.

“वेणू, तू रागावली आहेस. पण ती नोकरी गेली असती तर आपलं दोघांचं...”

“अण्णा, बाराचाकीच्या मधल्या चाकांना काय म्हणतात?”

त्यांचा घास हातात राहिला. “काय म्हणजे? सपाट चाकं.”

“नाही. बोडकी. सकाळी तुम्ही बोडकी म्हणालात.”

त्यांनी घास ताटात ठेवला. आत्याच्या वेळी उठले होते तसे ताटावरून उठतील असं मला वाटलं. पण तसं झालं नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा जेवू लागले. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासून, धुऊन जागेवर ठेवलं.

पंधरा दिवसांत कवडूजींचं कुटुंब क्वार्टर सोडून गेलं. मी स्टेशनवर गेले होते. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. कवडूजी डब्याच्या दारातून म्हणाले, “वर्ग बंद नका करू बाई.” बस. महिन्याभराने अण्णांना इन्स्पेक्टरची जागा मिळाली. मी बदली मागितली आणि पाचशे मैलांवरच्या शाळेत गेले. अण्णा दर दिवाळीला पत्र लिहीत. त्यांची तब्येत कशी आहे, तुळस कशी आहे. मीही उत्तर पाठवत असे, माझी तब्येत बरी आहे म्हणून. ते गेले तोपर्यंत आम्ही दोघांनीही त्या रविवारबद्दल एक ओळ लिहिली नाही. आज विचार केला तर वाटतं, अण्णांच्या बोटाने मोजलं असतं, तर कदाचित निभावलंही असतं. तेही ते बोट बघून हसले, मीही हसले. एवढा न्याय मी त्यांना देते. त्यापुढे देता येत नाही.

आता मला ऐंशीवं चालू आहे. शाळा केव्हाच सुटली, पण गल्लीतली पोरं दुपारी येतात. मोजमापाचा धडा आला की मी ती जुनी वही काढते आणि विचारते, “एक बोट म्हणजे किती?”

सगळी आपापलं बोट वर करतात. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

मग मी वहीचं मधलं पान उघडते आणि त्यांना पेन्सिलीच्या त्या रेघेत बोट ठेवून बघायला सांगते. एक बोट ठेवून झालं की त्यांची ती आपोआप शेजारी दुसरं ठेवतात. दोन्ही मावतात.

“आजी, हे कुणाचं बोट?”

“माझ्या एका विद्यार्थ्याचं,” मी सांगते. “अक्षर फार छान होतं त्याचं.”